काचेतली कवडी

अकोल्याला काचेचे पेपरवेट बनवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीपुढे बसून तो रंगीत काचेच्या कांड्यांतून फुलं, पानं घडवायचा आणि त्यांच्यावर वितळलेली पारदर्शक काच चढवायचा. काम करताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

माझ्या आईनं लोकांच्या वावरात कापूस वेचून मला एम.ए. केलं. तिला भेटवस्तू द्यायची म्हणून मी तेल्हाऱ्याहून कापसाचं एक बोंड घेऊन त्याच्याकडे गेलो.

"काका, हेच काचेत बसवून द्या."

"जयून राख होईल ना बापू! याच्यासारखं काचेचं बनवतो." बोंड फिरवत त्यानं एका बाजूची कवडी, म्हणजे किडीनं डागाळलेला घट्ट कापूस दाखवला. "हे बी करू ना?"

"नाही, पांढरंशुभ्र करा. मायले द्याचं हाय, कापूस येचूनच तिनं मले शिकवलं."

"मंग तं कराच लागते. तिनं कवडीबिगर कापूस कधी पाह्यला?"

दुसऱ्या दिवशी, भट्टीत सावकाश थंड झालेला गोळा त्यानं शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. आत तपकिरी कवडी होतीच. आईला निदान एक बोंड तरी निर्मळ द्यायचं होतं. मी नाराज होऊनच निघालो.

घरी आईनं गोळा उजेडात धरला. तिचा अंगठा आपोआप कवडीवर गेला, नख काचेवरून दोनदा घसरलं. वेचताना ती कवडी अशीच काढून टाकायची.

"निंगत नाही रे!" म्हणत ती खूप दिवसांनी खळखळून हसली.

तेवढं सांगायला मला पुन्हा अकोल्याला जायचं आहे.