नख अडलं तेव्हा

आज जेवताना ताटाच्या कडेला नख अडलं आणि घास हातातच राहिला.

जुन्या रोटरी इंजिनाची झीज मी नखानेच पाहतो. आत त्रिकोणी रोटर फिरतो, त्याच्या टोकांनी भिंतीवर ओरखडे पडतात. डोळ्यांना ते सगळे सारखेच दिसतात. नख फिरवावं, अडलं तर ओरखडा खोल, इंजिनाचा जोर कमी होणार. नववीत शाळा सोडून परदेशात आलेल्या मला हे गॅरेजच्या मालकांनी, काकांनी, शिकवलं. भाकरीही त्यांनीच दिली.

मागच्या आठवड्यात एक म्हातारा आला. घरीच विमान बांधत होता, त्यासाठी जुनं इंजिन हवं होतं. शेजारच्या सीटवर बायको बसणार, म्हणाला. काकांनी काढून दिलेल्या इंजिनात मी नख फिरवत होतो. काका कौतुकाने म्हणाले, "आमच्या याचं नख खोटं बोलत नाही हो!" नेमकं तेव्हाच ते जरासं अडलं. काकांचा चेहरा पडेल म्हणून मी म्हणालो, "चालेल."

गाडी बंद पडली तर माणूस रस्त्याकडेला उभा तरी राहतो. वर आभाळात कुठे उभं राहायचं? उपकारांची जाणीव माणसाला इतकं भित्रं करते का?

दोन दिवसांनी काकांना सांगितलं. "गाढवा, माझी लाज मोठी की त्यांचा जीव?" म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. नशीब, इंजिन अजून बसवलं नव्हतं. म्हातारा आभार मानत राहिला.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

ताटाच्या कडेवरून पुन्हा नख फिरवलं. अडलंच.