कोरड्या पट्ट्या

तिला सगळे मोजणीवाली म्हणत. रोपांची उंची ती वितीनं मोजे, ओंबीतले दाणे बोटांवर. "आणि सासूबाईंच्या शिव्या?" जाऊ विचारायची. "त्या मोजत नाही बाई. बोटं पुरायची नाहीत."

दोन वर्षं उन्हानं गहू दाणा भरायच्या आधीच करपला. तेव्हा संशोधन केंद्रातल्या बाईंनी तिला बिननावाच्या तीन पुड्या दिल्या. तीन पट्ट्या पेरायच्या, उगवल्यावर पाणी द्यायचं नाही, आणि तग कोण धरतं ते तिनंच सांगायचं. तिच्यासारख्या वीस जणांच्या सांगण्यावरून सगळ्यांचं बियाणं ठरणार होतं.

पट्ट्या नेमक्या रस्त्याकडेला. त्या पिवळ्या पडल्या तसे थोरले दीर धुमसू लागले.

"लोक विचारतात, विहीर आटली की अक्कल?"

"तेच तपासतेय, भाऊजी."

थप्पड इतकी जोरात बसली की तिच्या कानातून रक्त आलं. नवरा जेवत होता. जेवत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी ती शेतावर पोचली, तर दिरांनी पाट फोडलेला. पहिली पट्टी तुडुंब, दुसरीत पाणी शिरत होतं. ती तिसरीच्या तोंडाशी हातांनी चिखल लोटू लागली. त्यांनी केसांना धरून ओढलं. ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. मग खोऱ्याचा दांडा खांद्यावर आला. हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. ती तशीच पाटाच्या तोंडात बसली.

"मारा. उठायची नाही."

ते मारत राहिले. रस्त्यावर माणसं थांबली तेव्हा कुठे हात थांबला. घरची अब्रू आठवली.

कापणीनंतर केंद्रातल्या बाई घरी आल्या. तीन पेंढ्या जमिनीवर मांडलेल्या. मोजणीवालीचा हात गळ्यात बांधलेला.

"खाटेवरून पडली," सासूनं सांगितलं.

"पहिली पट्टी काय भरलीय!" बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "हिलाच पहिला नंबर?"

"हिलाच," दीर म्हणाले.

"खोडा ती," मोजणीवाली म्हणाली. "दुसरीपण. दोन्हींना पाणी मिळालंय."

"कुणी दिलं?"

सासूची बोटं तिच्या मोडक्या खांद्यात रुतली.

"भाऊजींनी. मला तुडवून. कोरडी राहिली ती तिसरी. ओंबीला अकरा दाणे, तेही बारीक. पण उभी राहिली. पहिलीला नंबर दिलात तर पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांची घरं मातीत जातील."

दिरांनी लाथेनं पेंढ्या उडवल्या आणि तिचा गळा धरला. नवरा उठला. लग्नाला चौदा वर्षं झाली, तो असा मध्येच पहिल्यांदाच उठत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं जाऊन खिडकी लावली.

बाईच ओरडत मध्ये घुसल्या. कागद चुरगळला, पेन कुठेतरी गेलं. दिरांना ढकलून त्यांनी तिला भिंतीशी बसवलं, तेव्हा तिच्या ओठातून रक्त गळत होतं.

"चला, आधी दवाखान्यात."

"आधी लिहा," ती म्हणाली. "अकरा. आणि मला दाखवा."