वीस ग्रॅममधून छत्तीस ग्रॅम पाणी

आमच्या शेजारच्या रेजिना टीचर मुलांना केमिस्ट्रीची गणितं सोडवून देतात, असं लोक म्हणतात. साफ खोटं! कितीही रडा, त्यांच्याकडे आयतं उत्तर मिळायचं नाही. कॉलेजातून निवृत्त झालेली बाई, पण बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्समधली निम्मी अकरावी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये चटईवर बसलेली असते. त्यांचा हट्ट एकच. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं आणि स्वतःला विचारायचं, हे पटतंय का?

"दहा पाव आणि सात वडे. वडापाव किती?" मुलं ओरडतात, सात. "मग हायड्रोजन ढीगभर असला म्हणून काय झालं? ऑक्सिजन संपला की दुकान बंद!" माझ्या मुलीला, ज्ञानदाला, केमिस्ट्री कळायला लागली ती या वडापावमुळे. नाहीतर तिच्या त्या मोठ्या क्लासात नुसतं 'फॉर्म्युल्यात आकडे टाका, पुढे चला'.

त्याच क्लासात परीक्षा झाली. पहिल्या तुकडीत कोण जाणार ते त्या परीक्षेवर ठरणार होतं, आणि चांगले सर फक्त त्याच तुकडीला. प्रश्न होता, चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजनपासून जास्तीत जास्त पाणी किती? ज्ञानदाने लिहिलं, अठरा ग्रॅम. त्यावर लाल फुली! क्लासच्या छापील उत्तरात छत्तीस. त्या एका फुलीपायी पोरगी तुकडीबाहेर गेली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली, जेवलीही नाही.

रेजिना टीचरांनी पेपर बघितला आणि त्यांचा पारा चढला. चिडल्या की माहेरची, पाचूबंदरची बोली येते त्यांच्या तोंडात. "चार आनि सोळा किती गं मीरा? वीस! वीस ग्रॅममधून छत्तीस ग्रॅम पानी? वरचं सोळा ग्रॅम काय आभाळातून पडलं?"

मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. दोघी तडक क्लासात गेलो.

क्लासचे मालक शत्रुघ्न सर. टीचरांनी त्यांच्यासमोर कागदावर सगळं मांडून दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे."

"मग मुलीला मार्क द्या."

"तसं नाही होत. पेपर आमच्या सगळ्या शाखांना एकच. उत्तर छत्तीस छापलंय, म्हणजे तपासणारा छत्तीसच बघणार. मी तुमच्या मुलीची परीक्षा परत घेतो, मग तर झालं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कळते, तोंडाने कबूल करतो, आणि वर उपकार करतोय! चोर तो चोर वर शिरजोर! मी चांगली चार वाक्यं सुनावली. टीचर मात्र एवढंच म्हणाल्या, "जाणूनबुजून खोटं शिकवताय तुम्ही पोरांना."

परत घेतलेल्या परीक्षेत तोच प्रश्न आला, आकडेसुद्धा तेच. काय म्हणावं या बेशरमपणाला! पण ज्ञानदा पहिल्या तुकडीत आली. म्हटलं, चला, अखेर न्याय झाला. पेढे घेऊन तिला टीचरांकडे नेलं.

टीचरांनी तिला जवळ बसवलं. "मग? फुली नाही ना मारली या वेळी? काय लिहिलंस?"

"छत्तीस."

पेढ्यांचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. वाटलं, आता टीचर कडाडणार. त्या रागावल्याच नाहीत, आणि तेच मला सहन होईना. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि वरचं सोळा ग्रॅम कुठून आलं, बाळा?"

ज्ञानदा म्हणाली, "ते तिकडे कुणी विचारत नाही, टीचर."