न गेलेली वीज

सांता क्लारातल्या आमच्या गल्लीत नेरेइदाला हुशार कुणीच म्हटलं नाही. खटपटी म्हणत. साखर कारखाना बंद पडला आणि तिची कचेरीतली नोकरी गेली, तेव्हा तिनं पस्तिशी ओलांडली होती. नवरा आधीच दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला होता. घरात ती आणि मुलगी माइलेन. अशा बाईनं शिवण करावं, नाहीतर बायकांची नखं रंगवावीत, असं गल्लीचं एकमत होतं. आमच्या गल्लीचं दुसऱ्याच्या बाबतीत चटकन एकमत होतं. नेरेइदा मात्र एवेलियोकडे लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, शिकायला जाऊ लागली.

एवेलियो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, गुडघ्यांनी दगा दिलेला म्हातारा. त्या काळी घरात इंटरनेट असणं ही चैन होती, म्हणून गल्लीनं आपलं आपणच जाळं विणलं होतं. गच्चीवरून गच्चीवर तारा टाकायच्या, पोरांनी खेळ खेळायचे, तरुणांनी प्रेमं जमवायची. या सगळ्याचा सर्व्हर, म्हणजे जाळं चालवणारा कॉम्प्युटर, एवेलियोच्या गच्चीवर एका लोखंडी पेटीत होता. त्यात लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळायचं आणि आत हात घालून बघायला कुणाची ना नव्हती. पेटीला स्क्रीन नव्हती की कीबोर्ड नव्हता. खालच्या खोलीत बसून तारेवरून हुकूम द्यायचे, पेटीनं ऐकायचे.

"पोरी, पाठ करू नकोस," एवेलियो म्हणायचा. "मोड. मोडल्याशिवाय कळत नाही."

"आणि गल्लीचं जाळं बंद पडलं तर?"

"मग सगळे मला शिव्या घालतील. तुझं नाव कुणाला माहितीये?"

ती मोडत गेली आणि शिकत गेली. तिची खोड एकच होती, ती फायरवॉलची. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे फायरवॉल ठरवते. नेरेइदा आधी सगळी दारं धाडकन बंद करायची आणि मग एकेक उघडायची. त्या घाईत स्वतः ज्या दारानं आत गेली तेही बंद व्हायचं. मग बसा बाहेर. गच्चीची शिडी चढून पेटी बंद-चालू करणं एवेलियोच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, आणि नेरेइदाला उंचीची भीती. पण नवे नियम कायमचे जतन करेपर्यंत यंत्राच्या नुसत्या डोक्यात असतात. एकदा वीज गेली की ते सगळं विसरतं आणि शहाण्यासारखं पुन्हा चालू होतं. आणि वीज तर आमच्याकडे रोज जाते.

"झालं का बाहेर?" एवेलियो विचारायचा.

"झालं, मास्तर."

"कॉफी टाक मग. जाईलच आता."

ती कॉफी टाकायची. दोघं वीजवाल्यांना नावं ठेवत बसायची आणि त्यांचीच वाट बघायची. वीज जायची, यायची, चूक पुसली जायची. इतकी वर्षं असंच चाललं. म्हाताऱ्यानं तिला पुष्कळ शिकवलं, पण ही सवय मोडली नाही. मला त्याचा अजून राग येतो.

मग अशा खाजगी जाळ्यांवर बंदी घालणारे नवे कायदे आले, तारा उतरल्या. एवेलियोला मुलानं परदेशी, टँपाला नेलं. जाताना त्यानं पेटी नेरेइदाला दिली. पहिले काही महिने त्याचे निरोप यायचे, मग तेही थांबले. गल्लीत दर दोन घरांआड एक कुलूप दिसू लागलं. नेरेइदा ती पेटी स्वयंपाकघरात ठेवून एकटीच शिकत राहिली. फोनवर पुस्तकं उतरवायची, आणि वीज असेल तेव्हा पेटीवर हात चालवायचा.

माइलेन एकोणीस वर्षांची झाली तेव्हा ब्राझीलमधल्या कुरितिबाहून मावशीचा फोन आला.

"सलूनमध्ये जागा आहे म्हणते," माइलेन आईला म्हणाली. "गयानापर्यंत विमान, पुढं ब्राझीलला रस्त्यानं. ये म्हणते."

"आणि मला ते मोंतेविदेओच्या कंपनीचं काम मिळालं तर?"

"सर्व्हर सांभाळायचं? इथं घरी बसून?"

"घरी बसून. पगार बाहेरचा."

"मग कशाला जाऊ मी?" माइलेन म्हणाली. "परक्या बायकांची डोकी धुवायची काय हौस आहे मला? मिळव तू. मी राहते."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर नेरेइदा नीट जेवली नाही.

त्या कामासाठी घरूनच द्यायच्या परीक्षेची वेळ तिनं आमच्या भागाचं वीज जाण्याचं वेळापत्रक बघून मागून घेतली. सकाळची. तरी भरवसा नको, म्हणून शेजारच्या फर्मिननं आपल्या विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून तिच्या दारात आणून ठेवली. "आज पायी जातो," म्हणाला. "पास झालीस तर मला नवी घेऊन दे." माइलेन आईच्या मागं स्टुलावर बसली.

काम ओळखीचं होतं. कुठल्याशा थंड देशातला एक सर्व्हर, त्यावर एक संकेतस्थळ उभं करायचं आणि नको ती दारं बंद करायची. निम्म्या वेळात तिचं बरंचसं उरकलं. बोटं झरझर चालत होती. आणि त्याच झपाट्यात तिनं सगळी दारं बंद केली.

पडदा थिजला.

नेरेइदा उठली आणि कॉफी टाकायला गेली. माइलेन नंतर मला सांगत होती, की आईचा चेहरा अगदी शांत होता. तिनं भांड्यात पाणी घातलं, वर पूड दाबली, विजेच्या शेगडीवर ठेवलं आणि खिडकीशी उभी राहिली.

"आई, काय करतेस?"

"जाईलच आता."

"काय जाईल?"

कॉफी वर आली, उतू गेली, शेगडीवर करपली. तेव्हा कुठं नेरेइदाला तो थंड देश आठवला आणि तिनं मागं वळून यंत्राकडं पाहिलं. धावत येऊन तिनं परीक्षकाला लिहिलं, पण वेळ संपत आली होती.

त्याचं उत्तर सभ्य होतं. "लगेच सांगितलं असतंत तर आम्ही रीस्टार्ट केला असता. तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. इतका वेळ काय करत होतात?"

ती खोटं बोलायला शिकलीच नव्हती. "वीज जायची वाट बघत होते," तिनं लिहिलं.

पलीकडून इमोजीतले हसणारे तीन चेहरे आले. दुसऱ्या दिवशी नकार आला.

आमच्या गल्लीत त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वीज गेली नाही. फर्मिन बॅटरी न्यायला आला, माइलेनचं तोंड बघून काही न विचारता घेऊन गेला. माइलेननं आईला एका शब्दानं दुखवलं नाही. बॅग भरताना ती मुकाट्यानं रडत होती आणि आई तिच्या ब्लाउजांच्या घड्या घालत होती.

कुरितिबाला पोचल्यावर तिचा पहिला फोन आला तेव्हा नेरेइदा अंधारात बसली होती. माइलेन नको तेवढं आनंदानं बोलत होती. मावशीचं घर, पाव, थंडी.

"आणि आई, आल्यापासून बघतेय, इथं वीज जातच नाही गं."

"ठाऊक आहे मला," नेरेइदा म्हणाली.