थेंबही न घेणारा टुन्नमामा

आमच्या मामाला स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज ऐकू यायचा. हसू नका, मीही हसलो होतो आणि त्याची लाज अजून वाटते. "भाचेबुवा, इकडून तिकडं पाह्यलं का कानात कुरकुर होते," असं तो गंभीरपणे सांगायचा, आणि दिघोरीतली माणसं एकमेकांकडे बघत अंगठा तोंडाशी न्यायची.

तलावात मासे धरणारा हा माणूस दारूला कधी शिवला नव्हता. पण ढोल वाजला की डुलायला लागायचा. जवळ वाजला तर कोसळायचाच! गावाने नाव ठेवलं टुन्नमामा. आधी चिडायचा, मग म्हणायला लागला, "लोकं पैसे देऊन पेतेत, मले फुकटात चढते."

लेकीच्या, सुनंदाच्या साक्षगंधाला मात्र फजिती झाली. लाखनीच्या पाहुण्यांनी हौसेने ढोल आणला होता. पहिल्याच थापेला मामा डगमगला तो थेट व्याह्यांच्या मांडीवर. "बापच पिऊन येते तं पोरीचं काय पाहाचं?" कुणीतरी बोललं. सोयरीक मोडता मोडता राहिली.

सुनंदा म्हणाली, "बाबा, लग्नात बँड नोको."

"बँड वाजनच," मामा म्हणाला, "अन् मी समोर ताठ उभा राहीन. लोकायले दिसू दे."

मग मी त्याला नागपूरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आपणहून विचारलं, "काका, डोळे फिरवले की आवाज येतो का?" मामाने त्यांचे पायच धरले. इतक्या वर्षांत न हसता विचारणारं कुणीतरी भेटलं होतं! कानात खोलवर तोल सांभाळणारी नळी असते, तिच्यावरच्या हाडाला भोक पडलं होतं. मोठा आवाज झाला की आतलं पाणी तिकडे ढकललं जायचं आणि मामा भोवंडायचा. लाखात एखाद्याचं दुखणं, म्हणे. कानामागून हाड कोरून त्यांनी ते भोक बुजवलं.

"बोडीची पार फुटली होती गा, बाईनं बुजवली," मामा गावभर सांगत सुटला. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं आणि पार म्हणजे त्याचा बांध. काही दिवस भिंत धरून चालला. वर तक्रार, "आता डोरे फिरवतो तं आवाजच नाई. सुनं सुनं लागते."

लग्नात बँडसमोर मामा खांबासारखा उभा. खात्री करायला व्याह्यांनी ढोलवाल्याला त्याच्या कानाशी आणलं, तरी पठ्ठ्या मिशीला पीळ देत हसत होता. गावाची तोंडं बघण्यासारखी झाली.

संध्याकाळी बँड थांबला. सुनंदा रडत गाडीत बसली, गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मामा डगमगला. मी धावत जाऊन धरलं.

"मामा, पुन्हा चक्कर?"

"नाई गा भाचेबुवा," माझ्या खांद्यावर डोकं टेकत तो म्हणाला, "हे कानाचं नोहे."