हिरवं फूल

नंदनवन वस्तीतल्या मुलींच्या बालगृहात मी दर शनिवारी गणित शिकवायला जातो. तिथं मुलींचं सगळं पाहणाऱ्या मावशी रिकाम्या बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. गांधीबागेतला एक कापडव्यापारी दरवर्षी एकाच ताग्यातले फ्रॉक पाठवतो, तेव्हा मावशी प्रत्येक कॉलरच्या आत वेगळ्या रंगाचं फूल भरतात. "पोरीले आपलं असं काहीतरी पाहिजे नं, सर!" मुलगी दत्तक गेली की फूल उसवून फ्रॉक दुसरीला.

दिवाळीआधी हिरव्या फुलाची सात वर्षांची मुलगी दत्तक गेली. आम्ही पेढे खाल्ले. महिन्याभरानंतरही तिचा फ्रॉक मावशींच्या कपाटात फुलासकट तसाच होता.

"अजून उसवलं नाही?" मी विचारलं.

"राहू द्या नं. मोठी पोरगी हाये. चार दिवस रडली, हट्ट केला, का लोक म्हणते, आमच्यात रुळून नाही राहिली."

"भरल्या घरात गेलेल्या पोरीबद्दल असं अभद्र बोलू नका," मी चिडून म्हणालो. मावशी दुसऱ्या फ्रॉकची बटणं लावत बसल्या.

गेल्या शनिवारी ती मुलगी वर्गात पहिल्या रांगेत होती. अंगात झालरीचा महागडा झगा, समोरची वही कोरी. मावशी दारात आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"चाल वं, कपडे बदल. तुहा फ्रॉक धुऊन ठेवला हाये."

मुलीनं फ्रॉक हातात घेतला, कॉलर उलटून पाहिली, आणि तेव्हा कुठे रडली.