चौसष्टचे घनमूळ

‘थांब, सांगतो.’ एवढे म्हणून सर डोळे मिटत आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरू लागे, अदृश्य माळ ओढावी तसा. अंगठा थांबला की उत्तर आलेले असे.

तुमच्याही इमारतीत असे कुणी असेल, ज्याच्या एका कौशल्यावर सारा मजला हक्क सांगतो. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर ते सर होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, माझ्या शेजारच्या दारातले. कुणीही दोन आकडी संख्येचा घन करून आणावा आणि सरांनी त्याचे मूळ सांगावे. ‘एक लाख तीन हजार आठशे तेवीस’ म्हटले की ते म्हणत, ‘शेवटी तीन, म्हणजे मुळाच्या शेवटी सात. शेवटचे तीन आकडे सोडले की मागे उरले एकशे तीन. त्यात चाराचा घन मावतो, पाचाचा नाही. सत्तेचाळीस! टाका चहा.’

एका संध्याकाळी याच संख्येला त्यांनी त्रेचाळीस सांगितले. आम्ही सगळे ‘वा, सर!’ म्हणालो. खिडकीतून कारखान्यांचा आंबूस वास येत होता. कुणीतरी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. कोलशेतच्या एका कार्यालयात मी प्रोग्राम लिहिते, हे त्यांना ठाऊक होते.

‘अगं, मला एक परीक्षक करून दे. मी संख्या घालीन, माझं उत्तर घालीन. चुकलो तर त्यानं तोंडावर सांगावं. माणसं सांगत नाहीत.’

मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर घाईघाईने लिहिले : संख्येचा एक तृतीयांश घात. सरांनी मुद्दाम सोपी संख्या घातली, चौसष्ट. आणि उत्तर दिले, चार. पडद्यावर उमटले : ‘चूक. ३.९९९९९९९९९९९९९९९६.’

सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ‘अगं, बाहेर ये! यंत्र चौसष्टला अडलंय!’ स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही, पदराने हात पुसत हसत आल्या.

‘एक भागिले तीन त्याला पुरतं मांडता येत नाही, सर. शेपूट कापावं लागतं,’ मी ओशाळून म्हणाले. ‘भाषेतच घनमुळाचं तयार फंक्शन आहे. तेच वापरायला हवं होतं.’

मी एक ओळ बदलली. चौसष्ट, चार, ‘बरोबर’.

‘तयार होतं? मग बिचाऱ्याला दमवलंस कशाला?’

रोज सकाळी दहा संख्या, असा त्यांचा नेम झाला. भिंतीपलीकडून कळांची टकटक ऐकू येई. मग मोठी शांतता, मग पुन्हा टकटक. ती शांतता महिन्यागणिक लांबत गेली. पुढेपुढे ते मला बोलावू लागले. ‘तुझ्या यंत्राचं जुनं दुखणं उलटलंय बघ. मला चूक म्हणतंय.’

मी त्यांच्या शेजारी बसून ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असे. त्यांच्या शालीला वेखंडाचा वास येई. ओळीत काहीच चुकलेले नसे. ‘बघते हं, सर,’ एवढेच मला म्हणता येई.

एका दुपारी कणकेने माखलेल्या हातांनीच काकू माझ्या दारात आल्या. ‘ते पहिलं चुकीचं होतं ना, ते परत घालता येईल का गं? तेव्हा किती हसले होते.’

मी ते घालूनही पाहिले. एक लाख तीन हजार आठशे तेवीसला यंत्राने सत्तेचाळिसाहून केसभर कमी सांगितले. सरांचे उत्तर त्रेचाळीस होते. माझी चूक फारच बारीक होती. तिच्याआड त्यांची चूक लपणार नव्हती. मी फंक्शन पुन्हा जागच्या जागी ठेवले.

सर गेले. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या सकाळच्या दहा ओळी तशाच होत्या. चौसष्ट, चार, बरोबर. चौसष्ट, चार, बरोबर. खालपर्यंत हेच.

काकूंना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘आलं का गं त्यांचं बरोबर?’

‘हो, काकू. दहापैकी दहा.’